हिल सायफर मराठीसाठी पक्का करताना: १२७ ची बाकी, पाचवा घात आणि वर्गांची साखळी

लेस्टर हिल हे न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात गणित शिकवायचे. १९२९ साली त्यांनी एक सायफर, म्हणजे गुप्त लेखनाची पद्धत, मांडला. त्याआधीच्या बहुतेक पद्धतींत एका अक्षराऐवजी दुसरं अक्षर यायचं. हिलनी अक्षरांचे गट केले, गटाला आकड्यांच्या चौकोनी मांडणीने, म्हणजे मॅट्रिक्सने, गुणलं आणि २६ ने भागून बाकी घेतली. गटातलं एक अक्षर बदललं की सहसा सगळा गट बदलतो, त्यामुळे नुसती अक्षरांची वारंवारता मोजून हा सायफर फुटत नाही. पुढे हिल आणि लुई वाइसनर यांनी त्यासाठी दातेरी चाकांचं यंत्र तयार करून पेटंटही घेतलं. तरीही हा सायफर फुटतो, आणि अगदी शाळकरी बीजगणिताने फुटतो.

या लेखात तोच सायफर आपण मराठी मजकुरासाठी बांधू, स्वतःच फोडू आणि संख्यासिद्धांत वापरून पायरी पायरीने पक्का करू. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: हा अभ्यास आहे. बँकेचे पासवर्ड यात ठेवू नका.

पायरी १: चिन्हांना आकडे द्या

युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा दिल्या आहेत. चिन्हाच्या क्रमांकातून २३०४ वजा केले की ० ते १२७ मधला आकडा मिळतो. क म्हणजे २१, म म्हणजे ४६, स म्हणजे ५६, ळ म्हणजे ५१. काना ६२, पहिली वेलांटी ६३ आणि हलन्ताची खूण ७७. इथे व्यंजन आणि मात्रा ही दोन वेगळी चिन्हं आहेत हे लक्षात ठेवा. "का" म्हणजे २१ आणि ६२.

मोकळी जागा, पूर्णविराम आणि स्वल्पविराम या तक्त्यात नाहीत. पण तक्त्यात मराठीला न लागणाऱ्या जागा भरपूर आहेत. ० क्रमांकावर उलटा चंद्रबिंदू आहे, तिथे मोकळी जागा ठेवा. १०० आणि १०१ वर एकेरी आणि दुहेरी दंड आहेत. आपण गद्यात दंड वापरत नाही, म्हणून तिथे पूर्णविराम आणि स्वल्पविराम बसवा. १२७ क्रमांकाचं चिन्ह सिंधीसाठी आहे, ते सरळ वगळा. उरले ० ते १२६, म्हणजे बरोबर १२७ आकडे.

मराठी लिहिणाऱ्याला इथे दोन खड्डे लागतात. पहिला खड्डा "दुसऱ्या"मधल्या अर्ध्या र चा. काही कीबोर्ड तिथे ऱ (क्रमांक ४९) टाकतात आणि काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. हे जोडचिन्ह युनिकोडमध्ये ८२०५ वर आहे, म्हणजे आपल्या तक्त्याच्या पार बाहेर. म्हणून कूटलेखनाआधी मजकुरातले असे सगळे र ४९ क्रमांकाच्या ऱ मध्ये बदलून घ्या.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. तयार झालेला गुप्त मजकूर पुन्हा अक्षरांत लिहून पाठवला, तर त्यात य च्या पुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब), किंवा नुक्त्यासह जोडलेलं एकच चिन्ह, असं काहीही येऊ शकतं. युनिकोडच्या प्रमाणीकरणात ९५ क्रमांकाचं चिन्ह ४७ आणि ६० असं फुटतं, तर न आणि नुक्ता यांचं उलट ४१ क्रमांकाचं एकच चिन्ह होतं. वाटेतल्या एखाद्या अॅपने ही आवराआवर केली की आकड्यांची संख्याच बदलते आणि पुढचे सगळे गट सरकतात. म्हणून गुप्त मजकूर आकड्यांतच पाठवा.

पायरी २: १२८ नको, १२७ घ्या

तक्ता १२८ चा असताना १२७ कशासाठी? कारण १२७ ही मूळ संख्या आहे. उलगडताना आपल्याला भागाकार करावा लागतो. बाकीच्या गणितात भागाकार म्हणजे व्यस्ताने (जिने गुणल्यावर बाकी १ येते त्या संख्येने) गुणणं, आणि संख्येला व्यस्त तेव्हाच असतो जेव्हा ती भाजकाशी सहमूळ असते, म्हणजे दोघांत १ सोडून सामाईक अवयव नसतो. १२८ घेतलं तर सगळ्या सम संख्या बाद. २ ने गुणून पाहा: २१ चे ४२ होतात आणि ८५ चेही १७० वजा १२८ म्हणजे ४२. आता परत कुठे जाणार? १२७ घेतलं की शून्य सोडून प्रत्येक संख्येला व्यस्त मिळतो.

मॅट्रिक्सच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्समधल्या चार आकड्यांचा निश्चयक (तिरप्या जोड्यांच्या दोन गुणाकारांची वजाबाकी) भाजकाशी सहमूळ हवा. हिलच्या २६ मध्ये अशा चालणाऱ्या मॅट्रिक्स १,५७,२४८ आहेत, म्हणजे एकूण मॅट्रिक्सच्या साधारण ३४ टक्के. १२८ ला हे प्रमाण ३७.५ टक्के. १२७ ला २५,८०,८०,२५६ मॅट्रिक्स चालतात, म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त. कुठलेही चार आकडे उचलले तरी किल्ली बहुतेक वेळा लागू पडते.

पायरी ३: किल्ली आणि तिचा व्यस्त

आपली किल्ली अशी: पहिली ओळ ३, ५ आणि दुसरी ओळ २, ९. निश्चयक ३×९ − ५×२ = १७. आता १७ चा १२७ मधला व्यस्त काढायचा. युक्लिडची मसावि काढायची रीत लावा आणि उलटे चढत या:

१२७ = ७×१७ + ८
१७ = २×८ + १

खालून वर: १ = १७ − २×८ = १७ − २×(१२७ − ७×१७) = १५×१७ − २×१२७. म्हणजे व्यस्त १५. पडताळा: १५×१७ = २५५, आणि २५५ ला १२७ ने भागलं की बाकी १.

ही रीत आपल्याकडे कुट्टक नावाने आर्यभटापासून चालत आली आहे. भास्कराचार्यांनी तिच्यावर सविस्तर लिहिलं. त्यांच्या घराण्याचा शिलालेख आजही चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. ग्रहगणितातल्या बाक्या जुळवायला त्यांना कुट्टक लागायचा, आपल्याला तो कुलूप उघडायला लागतो. गणित तेच.

व्यस्त मॅट्रिक्ससाठी ३ आणि ९ यांच्या जागा बदला, ५ आणि २ यांची चिन्हं उलटवा आणि सगळ्याला १५ ने गुणून बाकी घ्या. मिळतं: पहिली ओळ ८, ५२ आणि दुसरी ओळ ९७, ४५. ऋण संख्या आली की १२७ मिळवायचे, इतकंच.

आता "सकाळ" हा शब्द घेऊ. चिन्हं चार: ५६, २१, ६२, ५१. गट दोन.

पहिला गट: ३×५६ + ५×२१ = २७३, बाकी १९. २×५६ + ९×२१ = ३०१, बाकी ४७.
दुसरा गट: ३×६२ + ५×५१ = ४४१, बाकी ६०. २×६२ + ९×५१ = ५८३, बाकी ७५.

गुप्त मजकूर १९, ४७, ६०, ७५. अक्षरांत लिहिला तर ४७ आणि ६० म्हणजे य आणि त्यापुढे नुक्ता. मघाचा खड्डा पहिल्याच शब्दात समोर आला. उलगडून पाहा: ८×१९ + ५२×४७ = २५९६, बाकी ५६. म्हणजे स परत मिळाला.

पायरी ४: आता हाच सायफर फोडा

ही पायरी वगळू नका. स्वतःचा सायफर फोडून पाहिल्याशिवाय तो पक्का कुठे करायचा हे कळत नाही.

शत्रूला एवढंच ठाऊक आहे असं धरा की पत्राची सुरुवात "सकाळ" अशी आहे. सुरुवात "सप्रेम नमस्कार"ने करणाऱ्यांना सांगायला नको की असा अंदाज किती सोपा असतो. त्याच्याकडे दोन मूळ गट आहेत आणि त्यांचे दोन गुप्त गट. मूळ गटांची उभी मांडणी केली तर निश्चयक ५६×५१ − ६२×२१ = १५५४, बाकी ३०. ३० चा व्यस्त ७२, कारण ३०×७२ = २१६० आणि बाकी १. मूळ गटांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढून गुप्त गटांच्या मॅट्रिक्सला उजवीकडून गुणलं की थेट ३, ५, २, ९ बाहेर पडतात. चार चिन्हं माहीत असली की किल्ली हातात.

मूळ मजकूर अजिबात माहीत नसला तरी पंचवीस कोटी किल्ल्यांना घाबरायचं कारण नाही. उलगडणाऱ्या मॅट्रिक्सची एक ओळ एकटीच गटातलं पहिलं चिन्ह देते. त्या ओळीचे पर्याय फक्त १२७×१२७ म्हणजे १६,१२९. प्रत्येक ओळ लावून पाहायची आणि काना, हलन्त, मोकळी जागा यांची संख्या मराठीसारखी दिसते का ते बघायचं. मग दुसरी ओळ तशीच. संगणकाला याला फार वेळ लागत नाही.

किल्ल्यांची संख्या सांगून सायफर मजबूत असल्याचं पटवणारे लेख पुष्कळ सापडतात. त्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. तीन बाय तीनचं मॅट्रिक्स घेतलं तर किल्ल्या १० च्या १८ व्या घाताच्या घरात जातात, पण माहितीतले तीन गट मिळाले की तेही सहसा याच रीतीने उघडतं. रोग रेषीयतेत आहे: प्रत्येक गुप्त आकडा हा मूळ आकड्यांची नुसती गुणून केलेली बेरीज आहे.

पायरी ५: पाचवा घात

रेषीयता मोडायला घात वापरू. पण कुठलाही घात चालत नाही. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की १२७ ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या १२६ व्या घाताची बाकी १ येते. त्यामुळे घातांकांचं गणित १२६ च्या बाकीत चालतं. घात उलटवता यायचा असेल तर घातांक १२६ शी सहमूळ हवा. १२६ = २×३×३×७. म्हणजे वर्ग नको, घन नको, सातवा घात नको. पहिला चालणारा घात ५.

परतीचा घातांक काढायला पुन्हा कुट्टक. ५×१०१ = ५०५ आणि ५०५ ला १२६ ने भागलं की बाकी १. म्हणून पाचव्या घाताची बाकी १०१ व्या घाताने परत येते. १०१ वेळा गुणायची गरज नाही, वर्ग करत जायचं. ७७ घेऊन पाहू. वर्गाची बाकी ८७, त्याच्या वर्गाची ७६, मग ६१, ३८, ४७, ५०. हे अनुक्रमे २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ वे घात. १०१ = ६४ + ३२ + ४ + १, म्हणून ५०×४७ ची बाकी ६४, त्याला ७६ ने गुणून ३८, त्याला ७७ ने गुणून ५. आणि ५ चा पाचवा घात ३१२५, बाकी ७७. बरोबर फिरून आलो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पॉव फंक्शनला तिसरा आकडा १२७ दिला की हे एका ओळीत होतं. आवृत्ती ३.८ पासून घातांक उणे एक दिला तर व्यस्तही मिळतो.

आता हा घात बसवायचा कुठे? सगळ्यात सोपी कल्पना अशी: आधी प्रत्येक चिन्हाचा पाचवा घात करायचा आणि मग मॅट्रिक्सने गुणायचं. यातून काहीच साधत नाही. घातांक गुप्त नाही, त्यामुळे शत्रूही "सकाळ"च्या आकड्यांचे पाचवे घात आधी काढून घेतो आणि पायरी ४ चीच गोष्ट पुन्हा होते. घात दोन गुप्त मॅट्रिक्सच्या मध्ये हवा: पहिलं मॅट्रिक्स, घात, दुसरं मॅट्रिक्स. दुसऱ्या मॅट्रिक्ससाठी ४, ७ आणि १, ६ घेऊ. त्याचाही निश्चयक १७ येतो, म्हणून व्यस्त काढताना १५ च वापरता येईल. व्यस्त: ९०, २२ आणि ११२, ६०.

आज जगभर वापरला जाणारा एईएस सायफर याच कल्पनेवर उभा आहे. डेमन आणि राइमन या बेल्जियन जोडीची ही रचना २००१ मध्ये अमेरिकेचं मानक झाली. तिच्यात २५६ घटकांच्या क्षेत्रातला (शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त असलेल्या संख्यापद्धतीतला) व्यस्त हा अरेषीय भाग आहे, त्याच्या पुढेमागे रेषीय मिसळण आणि किल्लीची भर, आणि हे सगळं किमान दहा फेऱ्या.

आपली एक फेरी मात्र पुरी पडत नाही. कंसातल्या दोन पदांच्या बेरजेचा पाचवा घात उघडला तर सहा पदं येतात. म्हणजे प्रत्येक गुप्त आकडा त्या सहा पदांची रेषीय बेरीज झाला. सहा माहितीतले गट मिळाले की शत्रू सहा अज्ञातांची सहा समीकरणं सोडवतो. आधी चार चिन्हं पुरत होती, आता बारा लागतात. कूटलेखनासाठी १०१ वा घात वापरून पदं वाढवावीत असं कोणाला वाटेल. पण शत्रू उलट दिशेने, गुप्त आकड्यांकडून मूळ आकड्यांकडे समीकरणं मांडेल, आणि तिकडून घात पुन्हा ५ च.

शिवाय तोच गट आला की तेच उत्तर येतं, आणि दोन मोकळ्या जागांचा गट ०, ० तर जसाच्या तसा बाहेर पडतो.

पायरी ६: प्रत्येक गटाला वेगळा मुखवटा

यावर उपाय म्हणजे मॅट्रिक्समध्ये जाण्याआधी प्रत्येक आकड्यात एक बदलता गुप्त आकडा मिळवणं. हे आकडे संख्यासिद्धांतातूनच काढू. लेनोर ब्लम, मॅन्युएल ब्लम आणि मायकेल शब यांनी १९८६ मध्ये मांडलेली रीत अशी: ४ ने भागल्यावर ३ बाकी येणाऱ्या दोन मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार करायचा, एक बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, निवडायचं आणि वर्ग करून बाकी घेत राहायचं. प्रत्येक बाकी सम असेल तर ०, विषम असेल तर १ लिहायचा.

४७ आणि ५९ घेऊ. गुणाकार २७७३. बीज १००. साखळी: १६८१, ७४, २७०३, २१२७, १३६६, २५००, २४३१. सम-विषम पाहून १०११००१. सात बिटं म्हणजे ० ते १२७ मधला आकडा, इथे ८९. सातही बिटं १ आली तर तो १२७ होतो. तो टाकून द्यायचा आणि पुढची सात घ्यायची. १२७ ला ० समजू नका, नाहीतर ० दुप्पट वेळा येईल. पुढची साखळी ४९८, १२०७, १०२४, ३८२, १७२८, २२३६, २७५०, त्यातून ०१००००० म्हणजे ३२.

आता पहिला गट पूर्ण करू.

५६ + ८९ = १४५, बाकी १८. २१ + ३२ = ५३.
पहिलं मॅट्रिक्स: ३×१८ + ५×५३ = ३१९, बाकी ६५. २×१८ + ९×५३ = ५१३, बाकी ५.
पाचवा घात: ६५ चा ८३, ५ चा ७७.
दुसरं मॅट्रिक्स: ४×८३ + ७×७७ = ८७१, बाकी १०९. ८३ + ६×७७ = ५४५, बाकी ३७.

उलगडताना हेच मागून पुढे: दुसऱ्याचा व्यस्त, १०१ वा घात, पहिल्याचा व्यस्त आणि शेवटी ८९ आणि ३२ वजा.

मुखवटा आल्यावर माहितीतला प्रत्येक गट शत्रूला दोन समीकरणं देतो, पण सोबत दोन नवे अज्ञातही देतो. पायरी ५ चा हल्ला इथे अडतो. कोणी विचारेल, मग मॅट्रिक्स आणि घात कशाला, नुसता मुखवटा मिळवला तर? तेव्हा वाटेत कोणी गुप्त आकडा एकने वाढवला की मूळ अक्षर बरोबर एक घर सरकतं, म्हणजे न वाचताही मजकुरात हवा तो फेरफार करता येतो. मधे घात असला की फेरफार कुठे जाईल याचा अंदाज बांधणं अवघड होतं. फेरफार झाल्याचं ओळखायला मात्र वेगळी व्यवस्था लागते, ती इथे नाही.

पायरी ७: हे आकडे खेळण्यातले आहेत

२७७३ ची साखळी किती लांब चालते तेही मोजता येतं. ४७ आणि ५९ मधून एकेक वजा केला की ४६ आणि ५८, आणि त्यांतून सम भाग काढला की २३ आणि २९ उरतात. २ चा घात २३ मध्ये ११ पायऱ्यांनी १ वर येतो आणि २९ मध्ये २८ पायऱ्यांनी. लसावि ३०८. म्हणजे ३०८ बिटांनंतर, जास्तीत जास्त ४४ चिन्हांनंतर, मुखवटे पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका लांब वाक्यातच ते संपतात. खऱ्या वापरात तो गुणाकार इतका मोठा हवा की त्याचे अवयव कोणाला पाडता येऊ नयेत. २०४८ बिटांची संख्या ६१७ आकडी असते.

बीज प्रत्येक निरोपाला नवं हवं. तेच बीज दोन पत्रांना वापरलं तर त्याच जागी तोच गट आल्यावर तेच उत्तर येतं आणि दोन्ही पत्रं शेजारी ठेवून ते दिसतं. बीज निवडताना ० आणि १ टाळा, तसंच दोन मूळ संख्यांपैकी कोणाच्याही पटीतली संख्या टाळा. गट मोठा करायचा असेल तर दोन बाय दोन ऐवजी चार बाय चार मॅट्रिक्स घ्या. सध्या एक चिन्ह बदललं की फक्त त्याच्या गटातले दोन आकडे हलतात, शेजारच्या गटाला पत्ताही लागत नाही.

प्रोग्रॅम लिहून झाला की याच किल्ल्या आणि बीज १०० ठेवून तो तपासा. दुसऱ्या गटाचे मुखवटे १२३ आणि १२६ यायला हवेत. पहिल्या मॅट्रिक्सनंतर ४३ आणि ५८, घातानंतर १०१ आणि ६७. "सकाळ"चा पूर्ण गुप्त मजकूर १०९, ३७, १११, १२२. पहिले दोन आकडे जुळले आणि पुढचे दोन चुकले, तर मॅट्रिक्स पुन्हा तपासत बसू नका. साखळी दुसऱ्या गटासाठी २७५० च्या पुढे न जाता पुन्हा १०० पासून सुरू होत असेल, तिथे आधी पाहा.